एक रिकामा बेड

म्युझियमसाठी गेम बनवते असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नेमकं करता काय?" माझ्या सासूबाईंना अजून वाटतं मी पत्ते छापते. म्हणून एकदाच नीट सांगते. गुडगावच्या एका छोट्या स्टुडिओत बसून मी टचस्क्रीनवरचे खेळ बनवते. शाळेची पोरं म्युझियममध्ये येतात, ते खेळतात आणि खेळता खेळता चार गोष्टी शिकून जातात. निदान म्युझियमवाल्यांना आम्ही तसं सांगतो. खरं तर बरीचशी पोरं स्क्रीनवर धपाधप बोटं आपटून पुढच्या दालनात पळतात. पण एखादं थांबतं, वाचतं, पुन्हा खेळतं. त्या एकासाठी मी जीव टाकते.

मागच्या वर्षी एका खाजगी ट्रस्टच्या आरोग्य म्युझियमचं काम आलं. त्यात श्वासाचं एक दालन होतं. फुप्फुसं, टीबी, प्रदूषण आणि शेवटी कोविडची दुसरी लाट. त्या लाटेवरचा गेम माझ्या वाट्याला आला. एक घर, घरात एक पेशंट, ऑक्सिजन खाली चाललाय. तुम्ही घरचे. आता काय कराल? नाव ठेवलं 'अगली साँस'.

पंचाईत ही, की दिल्लीतला तो एप्रिल मी पाहिलाच नव्हता. तेव्हा आम्ही पुण्यात होतो आणि मी साबणाच्या पाण्यात भेंड्या धूत बसले होते. यशोधनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बदली झाली आणि आम्ही दिल्लीतल्या द्वारकेला आलो ते सगळं निवळल्यावर. तो एप्रिल पाहिला होता श्रीपादकाकांनी.

काका आमच्याच सोसायटीत, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. सरकारी नोकरीसाठी तरुणपणी दिल्लीत आले ते इथलेच झाले. भाजीवाल्याशी असं खणखणीत हिंदी बोलतात की तो त्यांना पंडितजी म्हणतो. आमच्याकडे मात्र मराठी बोलायला येतात. संध्याकाळी चहाला आले की माझ्या अक्षयाची शिकवणी घेतात. "चिमटीभर म्हणजे किती? ओंजळ म्हणजे काय?" दिल्लीत वाढलेलं माझं कार्टं ओंजळीला 'वो दोनों हाथवाला कटोरा' म्हणतं, आणि काका कपाळाला हात लावतात.

शालिनीकाकू त्या एप्रिलमध्ये गेल्या. काकांनी मला ते सांगितलं ते असंच चहा पिताना. मी विचारलं म्हणून सांगितलं. शेजारीण आस्थेनं विचारतेय असंच त्यांना वाटलं, आणि आस्था होतीच, खोटं कशाला बोलू? पण डोक्यात एका बाजूला गेमची जुळवाजुळव चालू होती, हेही तितकंच खरं.

झालं होतं ते असं. सकाळी काकूंचा ऑक्सिजन उतरायला लागला. पुष्कर, त्यांचा एकुलता एक मुलगा, गुडगावच्या पुढे मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात आहे, तिकडेच राहतो. त्याचा फोन आला, "बाबा, कुठेही जाऊ नका. सगळीकडे फुल आहे, दारातून परत पाठवतायत. मी सिलिंडर मिळवतो आणि घेऊन येतो." काका थांबले. पुष्करनं कुणाकुणाच्या पाया पडून सिलिंडर मिळवला. कापसहेड्याला, दिल्लीच्या बॉर्डरवर, गाड्यांची ही रांग. तो घरी पोचला तेव्हा काकू गेल्या होत्या. सिलिंडर कितीतरी दिवस जिन्यात तसाच उभा होता.

"आपल्या हातात काही नव्हतं गं," काका म्हणायचे. "कुठेही नेलं असतं तरी तेच होतं. पुष्करलाही मी हेच सांगतो. पोरगा मनाला लावून घेतो नाहीतर." दर वेळी हे म्हणत आणि उरलेला चहा एका घोटात संपवत.

मी ते सगळं गेममध्ये घातलं. नावं बदलली, मानेसरचं फरीदाबाद केलं, आणि नावं बदलली म्हणजे झालं असं स्वतःला पटवलं. पहिल्या आवृत्तीत काहीही निवडलं तरी पेशंट वाचायची नाही. मला तेच प्रामाणिक वाटत होतं. मग सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पोरांना खेळायला बसवलं. आमच्याकडे रिवाजच आहे तो, म्युझियमला दाखवायच्या आधी पोरांच्या हातात द्यायचं. पाच मिनिटांत कल्ला. "आंटी, ये तो चीटिंग है! जीत ही नहीं सकते!" अक्षया तर फुरंगटूनच बसली. "आई, जिंकता येतच नाही तर खेळायचं कशाला?"

सुजय, माझा बॉस, दुसऱ्या दिवशी तेच म्हणाला. "प्रणिता, एक तरी विनिंग पाथ हवाच यार. नाहीतर मुलं शिकणार काय? काहीही करा, मरा?" आमच्या धंद्याचा नियमच आहे तो, आणि मी स्वतः नवीन पोरांना तो घोकून घ्यायला लावते. मग जेवणाच्या सुट्टीआधी मी जिंकायचा एक रस्ता घातला. मुलाच्या सिलिंडरसाठी थांबायचं नाही, पेशंटला रिक्षात घालून ताबडतोब निघायचं. मोठी हॉस्पिटलं भरलेलीच ठेवली. पण नकाशा मी आमच्या द्वारकेचाच घेतला होता; त्यावर, मेट्रोच्या खांबापासून आत वळलं की एका गल्लीत, जागा रिकामी दिसत होती. तिथे मी एक नर्सिंग होम काढलं आणि त्यात एक रिकामा बेड ठेवला. ऑक्सिजनसकट. पेशंट घरी येते, दारात मुलगा उभा असतो, टाळ्या वाजतात. झालं काम. मी डबा उघडला आणि जेवले.

आणि जे थांबतील त्यांच्यासाठी एक धड्याची पाटी हवी होती. तीही मीच लिहिली. 'आपने इंतज़ार किया। मरीज़ को बचाया जा सकता था।'

मार्चच्या सुरुवातीला म्युझियम उघडलं. काकांना मी आग्रहानं घेऊन गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. वर टॅक्सीत म्हणालेसुद्धा, "काका, हा गेम तुमच्यामुळे झालाय बरं का!" मला वाटलं त्यांना बरं वाटेल. खरं सांगू? मला शाबासकी हवी होती.

काका स्क्रीनसमोरच्या स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि अगदी मन लावून खेळायला लागले. दुसऱ्याच चित्राला ते थबकले, कारण घर ओळखीचं होतं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी एकेक बटण दाबलं, बरोबर त्या दिवशी केलं होतं तसंच. शेवटचा प्रश्न आला. निघायचं की बेटे का इंतज़ार करायचं? त्यांनी बेटा दाबला.

पाटी आली. मी मागे उभी राहून ती त्यांच्याबरोबर वाचली, आणि पहिल्यांदाच ती मला त्यांच्या डोळ्यांनी दिसली. अगं बाई, हे मी काय लिहून ठेवलंय!

"काका, चला, पुढे टीबीचं दालन फार छान आहे," मी म्हटलं.

"थांब," ते म्हणाले आणि पुन्हा खेळले. या वेळी शेवटी निघायचं दाबलं. रिक्षा धावली, मेट्रोचा खांब आला, गल्ली आली, बेड मिळाला. ती बाई घरी आली. टाळ्या वाजल्या. काका त्या दारातल्या बाईकडे बघत बसले. मागे शाळेच्या पोरांची रांग चुळबुळ करायला लागली तेव्हा कुठे उठले.

"चांगला केलायस हो," एवढंच म्हणाले. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. 'काका, तो बेड मी काढलाय, डबा खायच्या आधी,' एवढंच सांगायचं होतं. पण टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि मला वाटलं, विषय कशाला वाढवा.

त्यानंतर ते चहाला आले नाहीत. एकदा अक्षया बोलवायला गेली तर पाय दुखतोय म्हणाले. मी काय केलं? मुगाचे लाडू पाठवले. माणसाच्या काळजात सुरी खुपसायची आणि वर लाडू पाठवायचे!

रामनवमी झाली की लगेच काकूंची तिथी येते. त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात पुष्कर. तिशीचा, बापासारखाच किडकिडीत आणि मितभाषी. आत यायलाही तयार नव्हता.

"ताई, बाबांना काय झालंय, तुम्हाला काही माहिती आहे?"

"का रे?"

"श्राद्धाला येऊ नकोस म्हणाले. मी स्वतः करीन म्हणाले." तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता. "मी विचारलं, का? तर म्हणाले, तुझं ऐकून मी थांबलो. थांबलो नसतो तर ती असती. इतकी वर्षं तेच मला सांगायचे, बेटा, आपल्या हातात काही नव्हतं. रोज फोनवर सांगायचे. मला झोप लागायची ती त्याच्यावर, ताई."

आणि मी, उंटावरची शहाणी, काय बोलले असेन? "वय झालंय रे त्यांचं. तिथी जवळ आली की होतं असं." त्याने मान हलवली, सॉरी म्हणाला आणि जिना उतरून गेला. मलाच सॉरी म्हणाला!

यशोधन आतून सगळं ऐकत होता. तो सहसा आवाज चढवत नाही. "तू त्याला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुझ्या बापाला मी तुझ्या अंगावर घातलं म्हणून सांगू?"

"हो. हेच सांगायचं."

"तुला सोपं आहे बोलायला!" मी भांडी आपटली, दार आपटलं, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. चूक त्याची नव्हतीच. पण राग काढायला घरात दुसरं होतं कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला न जाता मी खाली गेले. काका टेबलाशी बसून श्राद्धाची तयारी करत होते. काळे तीळ, दर्भ, चंदनाचं खोड, सगळं ताटात नीट मांडलेलं. करोल बागेतले गुरुजी येणार होते. मी बसलेच नाही, बसले असते तर पुन्हा गुळमुळीत बोलले असते.

"काका, तो बेड खोटा आहे."

त्यांनी वर पाहिलं.

"गेममधला. ते नर्सिंग होम, तो बेड, सगळं मी मनानं घातलंय. मुलांना जिंकता यावं म्हणून. ती पाटीही मीच लिहिली. माझ्या मनानं. तुमची गोष्ट मी न विचारता घेतली आणि वर तिला खोटा शेवट लावला. चुकलं माझं. फार चुकलं."

काका बराच वेळ दर्भाची काडी सरळ करत राहिले. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्युझियममध्ये लिहिलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, ही माणसं अभ्यास करून लिहितात."

"करतात. मीच नाही केला."

"प्रणिता, इतकी वर्षं मला रस्ता एकच होता. वाईट होता, पण एकच. तू दुसरा दाखवलास. आता म्हणतेस तो नव्हता." त्यांनी चष्मा काढला. "मला नीट सांग. त्या दिवशी आम्ही निघालो असतो, तर बेड मिळाला नसता?"

"नसता मिळाला."

"नक्की?"

मला काय डोंबल माहीत होतं! मी पुण्यात भेंड्या धूत होते. पण समोर तो म्हातारा माणूस डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता, आणि पुष्करचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. मी माझा ऑफिसातला आवाज काढला, म्युझियमवाल्यांपुढे काढते तो.

"नक्की काका. नंतर मी सगळं तपासलंय. या भागात त्या दिवशी एकही बेड नव्हता. तुम्ही थांबलात ते बरोबरच केलंत. पुष्करनं सांगितलं तेही बरोबर."

"तपासलंयस?"

"हो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर नसेल," आणि माझ्यासमोरच फोन लावला. "पुष्कर? उद्या लवकर ये. सोवळं इथेच आहे, तुझं आणू नकोस. श्राद्ध तूच करायचंस." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "चुकलो रे मी," काका म्हणाले. "आपल्या हातात काही नव्हतं." मी तोंड फिरवलं आणि पदर नसतानाही पदर शोधत राहिले, डोळे पुसायला.

त्याच दुपारी सुजयशी भांडून मी ती पाटी बदलून घेतली. जिंकायचा रस्ता मात्र राहिला. शाळांची बुकिंगं झाली होती आणि मुलांना तो आवडत होता. त्यावर मी जास्त ताणलं नाही. बापलेकांचं जुळलं होतं, आता कशाला, असं वाटलं. गंगेत घोडं न्हालं असं मानून मी घरी आले.

श्राद्धाला आम्ही तिघंही खाली जेवायला होतो. पुष्करनं सगळं यथासांग केलं. तो पिंडाला हात लावत असताना काकांनी मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला तो शेवटपर्यंत काढला नाही. द्वारकेत कावळे कुठले, गच्चीवर सगळी कबुतरंच. गुरुजी कावळ्याची वाट बघत आकाशाकडे डोळे लावून उभे आणि अक्षया कबुतरं हाकलत होती. तेवढ्यात कुठूनसा एक कावळा आला आणि घास घेऊन गेला. काका लहान मुलासारखे हसले. म्हणाले, "शालिनीला उशीर करायची सवयच होती." मला इतकं हलकं वाटलं की मी पंगतीत वडे दोनदा मागून घेतले.

जेवणं झाल्यावर मी जास्तीची पातेली वर न्यायला निघाले. पुष्कर मागून आला आणि माझ्या हातातली पातेली घेऊन जिन्यात माझ्याबरोबर चालायला लागला. पहिल्या वळणावर थांबला.

"ताई, बाबांनी मला सांगितलं. गेमचं. तुम्ही येऊन कबूल केलंत म्हणून."

"पुष्कर, मी तुलाही सांगायला हवं होतं. परवा आलास तेव्हाच."

"नाही, तसं नाही. मला राग नाही." तो पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत होता. "मी परवाच जाऊन आलो होतो. तुमच्याकडून खाली गेलो, तर बाबा म्हणाले, म्युझियममधला तो गेम बघून ये. आधी म्युझियमला गेलो, खेळलो. मग त्या नकाशातल्या गल्लीत."

"कुठल्या गल्लीत?"

"मेट्रोच्या खांबापासून आत वळतो तिथे. ताई, तिथे आहे एक."

"काय आहे?"

"नर्सिंग होम. छोटंसं. खाली मेडिकल, वर चार खोल्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. मला फक्त चित्रात जागा रिकामी दिसली होती. बोलाफुलाला गाठ पडावी, ती अशी?

"तिथली एक जुनी नर्स भेटली," पुष्कर म्हणाला. "मी तारीख सांगितली. तिला ते दिवस चांगले आठवतात. म्हणाली, आमच्याकडे कोणी यायचंच नाही, सगळे मोठ्या हॉस्पिटलांकडे धावायचे. त्या आठवड्यात एखादा बेड रिकामा असायचा."

मी विचारलं, "आणि ऑक्सिजन?"

"तेच मी विचारलं. ते तिला आठवत नाही. कधी असायचा, कधी नसायचा म्हणाली."

इथून ती गल्ली चालत जाण्याइतकी जवळ आहे.

"काकांना सांगितलंस?"

"वेड लागलंय का मला?" पहिल्यांदाच तो माझ्यावर ओरडला, आणि लगेच आवाज खाली आणला. "त्यांना तुम्ही सांगितलंत ना, तपासलंय म्हणून. तेच राहू दे. तुमचं ते मानतात."

खालून काकांचा आवाज आला, "पुष्कर, प्रणिताला खीर दिलीस का रे?" आवाज कसा मोकळा होता. कित्येक दिवसांत ऐकला नव्हता तसा.

"देतो बाबा!" पुष्कर ओरडला. मग माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते, पण तो ते पुसत नव्हता, हातात पातेली होती म्हणून.

"ताई, बाबांना सांगितलंत तसं मलाही एकदा सांगा ना. त्याच आवाजात."

मी त्या आवाजाची शोधाशोध केली. घशात सापडेना. तरी बोलले. "या भागात त्या दिवशी एकही बेड नव्हता, पुष्कर. तू बरोबरच सांगितलंस."

त्याने सगळं ऐकून घेतलं, शहाण्या मुलासारखं. मान हलवली. "थँक यू, ताई," म्हणाला आणि पातेली घेऊन वर चढायला लागला.